भाऊची लाल गाडी

भाऊच्या तेराव्याला मी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून गेले, "गाडी तरी विकून टाका वहिनी. दारात उभी राहून सडेल." बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी वाढत होत्या. हातातलं ताट खाली ठेवून आत निघून गेल्या. त्यानंतर दोन कानबाया आल्या आणि गेल्या. जळगावहून मला बोलावणं आलं नाही आणि धुळ्याहून मीही फोन केला नाही.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर देवी बसते, सोमवारी उठते. त्यात मुख्य काम रोटाचं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते वेगळे दळायचे आणि त्या पिठाचे जाड गोड रोट करायचे. आता खरी मेख पुढे आहे. हे रोट घरच्यांनीच खायचे. शेजारणीला द्यायचे नाहीत, गायीला घालायचे नाहीत, उरले तरी टाकायचे नाहीत. पुनवेच्या आत घरच्या माणसांनीच संपवायचे. लग्न झालेली लेकसुद्धा त्यात धरत नाहीत. तिचं आडनाव बदललं की तिचा रोट सासरचा.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते जाऊ द्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्यामुळे साठी ओलांडली तरी माझा रोट माहेरचाच राहिला. आमच्या नात्यातल्या बायका हसून म्हणायच्या, "हिचं बरं आहे बाई, हिला संसार नाही, पण रोट आहे." मीही हसायचे. घरी येऊन मग चिडायचे.

भाऊ होता तोवर दर वर्षी शनिवारी सकाळी तो जळगावहून मला न्यायला यायचा. एसटी काय बंद पडली होती? पण नाही, तो यायचाच. धुळ्यात देवपुरात माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरून दोनदा हॉर्न वाजायचा आणि मग त्याची ती छोटी लाल गाडी दारात उभी राहायची. खाली न उतरताच ओरडायचा, "चाल व माय, कानबाई खोळंबी राहिनी!" पारोळा, एरंडोल करत आम्ही जायचो. गाडी मलाही त्यानंच शिकवली, त्याच्या घराजवळ, जळगावच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते आणि क्लच सोडताना दर वेळी देवाचं नाव घ्यायचे. भाऊ म्हणायचा, देवाला बोलावू नको, तो घाबरेल.

यंदा मे महिन्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. "आत्या, पप्पांची गाडी दारात किती दिवस ठेवायची? मी भंगारवाल्याशी बोललोय. तुला हवी असेल तर सांग." मी लगेच म्हणाले, हवी. खरं सांगायचं तर मला गाडी नको होती. निवृत्त बाईला धुळ्यात गाडी कशाला लागते? भाजीला पायी जाते, बँकेत रिक्षानं जाते. मला त्या घरात परत जायचं होतं आणि हात हलवत जायची हिंमत नव्हती. भाऊची गाडी नव्यासारखी करून वहिनींच्या दारात नेऊन उभी करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग त्या कशा बोलणार नाहीत, असं मला वाटलं.

गाडी आणायला गेले तेव्हा वहिनी फाटकापर्यंतही आल्या नाहीत. खिडकीतून किल्ली दिली. "गाडी तुनाकडे ऱ्हाऊ दे. भंगारमा नको," एवढंच म्हणाल्या. वहिनी अजून घरात अहिराणीच बोलतात. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेत घासले, माझी अहिराणी फायलींत अडकून राहिली. चहा विचारला नाही. मीही थांबले नाही. मेकॅनिकनं बॅटरी आणि टायर बदलले आणि गाडी धुळ्यापर्यंत आणून दिली.

दारात उभी केली आणि मला रडू आलं. लाल म्हणावं अशी ती राहिलीच नव्हती. जळगावचं ऊन काय असतं ते जळगावात राहिल्याशिवाय कळत नाही. टपावरचा रंग फिकट गुलाबी झाला होता, खडूनं पुसल्यासारखा. बोट फिरवलं की बोटाला पांढुरकी भुकटी लागायची. पक्ष्यांच्या विष्ठेनं जागोजागी खड्डे पडलेले. त्यात भाऊची एक खोड होती. दर रविवारी फडक्यावर डिझेल घेऊन तो गाडी पुसायचा. आमच्याकडे अर्धं गाव तसंच करतं. तासभर गाडी अशी चमकते की वाटतं शोरूममधून आली. मग त्या तेलकटपणावर धूळ बसते, ऊन बसतं आणि रंग मरत जातो. भाऊला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणायचा, "चमकस ना? मंग?"

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे पेंटर आहेत. आता काम करत नाहीत, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांना बोलावून गाडी दाखवली. त्यांनी कोपऱ्यात थुंकी लावून अंगठ्यानं घासलं. घासलेल्या जागी खालचा लाल रंग डोकावला.

"रंग जिवंत आहे ताई," ते म्हणाले. "वरची साय मेलीय. ती काढा. पण माझ्याकडून होणार नाही, माझे खांदे गेले."

"मी करीन."

"तुम्ही?" त्यांनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "मशीन लावू नका मग. हातानं करा. आणि कडेला हात हलका ठेवा. कडेला रंग पातळ असतो, एकदा गेला की गेला."

मग माझा दिनक्रम ठरला. पहाटेचा चहा झाला की पोर्चमध्ये. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना काम करायचं, ऊन चढलं की बंद. आधी शाम्पूच्या पाण्यानं धुवायची, वाळवायची. मग एक हातभर जागा धरायची, ओल्या फडक्यावर कंपाऊंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, घ्यायचं आणि घासायचं. गोल गोल नाही, सरळ, पुढे-मागे. नाना ओट्यावरून ओरडायचे, "ताई, भांडी नाही घासत तुम्ही!" पहिल्या दिवशी फडकं लालभडक झालं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. वाटलं, मी भाऊची गाडीच पुसून टाकतेय. धावत नानांकडे गेले. ते म्हणाले, मेलेला रंग निघतोय, निघू द्या. रक्त नाही ते.

एक दिवस एक दार. एक दिवस अर्धा टप. उजवा खांदा रात्रभर ठणकायचा, पण सकाळी मी पुन्हा हजर. शेजारची बाई विचारायची, "विकायचीय का?" मी म्हणायचे, नाही. "मग कोणासाठी एवढं?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला कशाला सांगू?

त्या दोन महिन्यांत मला जे एकटं वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं. ऑफिस होतं तोवर दिवसभर माणसं असायची, त्यांच्यावर चिडता तरी यायचं. आता चिडायलाही कोणी नाही. मी गाडीशी बोलायचे. म्हणजे भाऊशीच. तुझ्या डिझेलनं काय केलंस बघ. इथं कुठं घासून आणलीस? दाराला हा पोचा कधी पडला? एकदा मागच्या सीटखाली त्याची सुपारीची डबी सापडली. उघडली, आत एक वाळलेली लवंग. मी पोर्चमध्येच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. गल्लीतली कुत्री तेवढी येऊन बघून गेली. मग उठून डावं दार पुरं केलं.

एक चूकही झाली. मागच्या चाकावरच्या कडेला जोर लावला आणि रुपयाएवढी जागा थेट करड्या अस्तरापर्यंत उघडी पडली. नानांचं ऐकलं असतं तर झालं नसतं, पण मी कोणाचं ऐकते? त्यांनी बारीक ब्रशनं तिथं रंग लावून दिला आणि परत ओट्यावर जाऊन बसले. 

बॉनेट मी शेवटी ठेवलं होतं. सगळ्यात जास्त मेलेलं तेच होतं. आणि त्याच्या बरोबर मधोमध एक स्वस्तिक होतं. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, तेव्हा गोड्या तेलात कुंकू कालवून काढतात तसं. कुंकू पावसानं कधीच वाहून गेलेलं. पण तेल मुरलं होतं तिथं रंग मेला नव्हता. सगळं बॉनेट फिकट गुलाबी आणि मध्ये तेवढ्या रेघा गडद लाल. तेही धड नव्हतं. एक पाय उलट्या बाजूला वळलेला, एक टोक लांबच लांब गेलेलं. मी हसले. म्हटलं, कोणी काढलंय हे, स्वस्तिकसुद्धा नीट काढता येत नाही?

बॉनेट घासत गेले तसतसा सगळीकडचा लाल वर आला आणि स्वस्तिक त्यात बुडत गेलं. पण पूर्ण जाईना. रेघा रंगात किंचित खोल उतरल्या होत्या, तिरपं बघितलं की दिसायच्या. हा डाग ठेवून गाडी नेणं मला पटेना. सगळं चकचकीत आणि मध्येच हे काय? नानांकडून दोन हजार नंबरचा, अगदी बारीक पॉलिश पेपर आणला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि अगदी हलक्या हातानं, तीन सकाळी, त्या रेघा सपाट केल्या. मग कंपाऊंड, मग पॉलिश, मग मेण. चौथ्या दिवशी बॉनेटमध्ये पोर्चचं छत दिसत होतं, पंखा दिसत होता आणि वर वाकलेलं माझं तोंड दिसत होतं. नाना ओट्यावरून उठून आले, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही चुकून ऑफिसात गेलात." आयुष्यात मला एवढं कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

कानबाईचा आठवडा आला. मी फोनकडे बघत बसायचे. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी सकाळी कोपऱ्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजला तर मी चप्पल घालून दारापर्यंत गेले, इतकी मी येडी. रविवारी पहाटे उठले आणि म्हटलं, बोलावणं गेलं खड्ड्यात. बापाच्या घरी जायला बोलावणं लागतं का? आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसले, नारळ घेतला आणि निघाले. पारोळ्यापर्यंत क्लच सोडताना दर वेळी देवाचं नाव घेतलं. एरंडोलच्या पुढे ढग दाटले, चार थेंब पडले, आणि बॉनेटवर ते मोत्यासारखे गोल होऊन घरंगळताना बघून मला एवढा अभिमान वाटला की मी मोठ्यानं म्हणाले, "देख रे भाऊ!"

मेहरूणच्या त्या घरासमोर गाडी उभी केली आणि त्याच्यासारखाच दोनदा हॉर्न वाजवला. वहिनी धावतच बाहेर आल्या. पायात चप्पल नाही, हाताला पीठ. गाडीकडे बघत फाटकात उभ्या राहिल्या. क्षणभर त्यांचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, झालं, जिंकले. त्या पुढे आल्या. टपाकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही. सरळ बॉनेटपाशी गेल्या आणि पिठाचा हात मधोमध ठेवला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. वाकून तिरपं बघितलं.

"कोठे गयं?"

"काय वहिनी?"

"स्वस्तिक. आठे व्हतं."

मी अजूनही तोऱ्यातच होते. म्हणाले, "ते काढलं मी. फार चिवट होतं, तीन दिवस लागले. वाकडंतिकडं काढलं होतं कोणीतरी."

"तुना भाऊनी काढेल व्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, तिथेच गाडीपाशी उभ्या उभ्या. भाऊच्या शेवटच्या दसऱ्याला वहिनींचा हात प्लास्टरमध्ये होता. दर वर्षी स्वस्तिक त्या काढायच्या, त्या वर्षी भाऊला काढावं लागलं. त्यानं बोट बुडवलं आणि काढलं, त्याचा एक पाय उलटाच वळला. वहिनी म्हणाल्या, उलटं झालं, पुसा आणि पुन्हा काढा. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, देवले समजस." दोघं हसले. त्यानंतर दिवाळीही त्यानं पाहिली नाही. त्यांनी पुढे ती गाडी कोणाला धुऊ दिली नाही. लेकाला नाही, धुणाऱ्याला नाही. पावसानं जे नेलं ते नेलं. उरलेलं दाराच्या पायरीवर बसून सकाळचा चहा पिताना त्यांना दिसायचं. आणि ती गाडी सडेल, असं मी तेराव्याला पंगतीत सांगत होते.

"बठ्ठं पुसी टाकं तू," त्या म्हणाल्या. "तुले सगळं चकाचक लागस." आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

 माफी मागायची तर कशाची मागायची? कडेचा रंग नानांनी परत लावून दिला, हे कोण लावून देणार? बॉनेटवर पिठाचे पाच बोटांचे डाग होते. मी सवयीनं पुसायला फडकं काढलं आणि हात तसाच थांबला. फडकं परत सीटखाली टाकलं. ओसरीवर जाऊन कानबाईपुढे नारळ ठेवला, लांबूनच हात जोडले आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवून चपला पायात सरकवल्या. एसटीनं परत जायचं आणि पुन्हा या दारात यायचं नाही, असं मी ठरवलंसुद्धा. साठी ओलांडलेल्या बाईला माहेर असलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

"कोठे चालनी?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डोळे लाल, आवाज मात्र कडक.

"धुळ्याला."

"आनि रोट कोन खाई?"

 त्यांच्या मागे परातीत रोट रचून ठेवलेले होते. दोन वर्षं त्यांनी ते केलेच नव्हते, एकटीनं संपले नसते म्हणून. यंदा लेक येतो म्हणाला होता, म्हणून दळले. काल रात्री त्याचा फोन आला, सुट्टी रद्द झाली. आता एवढे रोट, खाणारी एकटी बाई आणि बाहेरच्या कोणाला तुकडा द्यायची सोय नाही.

"किती जणांचे गहू घातले?" मी विचारलं.

"दोन. एक लेकना. एक तुना."

"वहिनी, बाईच्या नावाची मूठ घालत नाहीत."

"माले शिकाडू नको," त्या म्हणाल्या. "तू घरनी शे. बस."

म्हणजे गहू काढले त्या दिवशी, गाडी काय झाली ते माहीत नसताना, मला एक फोन न करता, या बाईनं माझ्या नावाची मूठ घातली होती. फोन केला असता तर काय बिघडलं असतं? पण मी तरी कुठे केला होता! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो आम्हा दोघींचा सारखाच. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. त्यांनी रोट वाढला, खीर वाढली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वाढली. दोघी खाली मान घालून जेवायला लागलो. रोट जाड असतो, चावायला वेळ लागतो.

दुसरा रोट माझ्या ताटात टाकताना त्या म्हणाल्या, "दसराले गाडी आठे लई येजो. स्वस्तिक मी काढसु." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "उलटंच काढसु. पन मंग फडकं लावशी ते देख!"

मी मान हलवली. तोंडात रोट होता.